बदामाच्या रोपाला खुंट कोणता?

(भांडगाव येथे ग्रामसंघाच्या मासिक बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर. ज्या ताई त्या दिवशी कामामुळे येऊ शकल्या नाहीत त्यांच्यासाठी इथे देत आहोत.)



आज वसुली आणि ठराव झाल्यावर मला अर्धा तास दिलाय. विषय आहे बदाम. हसू नका. मागच्या महिन्यात आपल्या एका गटात कर्जाची मागणी आली, 40,000 रुपयांची. कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं "बदाम लागवड". त्या ताई इथंच बसल्यात, त्यांना विचारूनच मी हे सांगतेय. मोबाईलवर व्हिडिओ पाहिला, मग रोपवाला दारात आला. एकराला 200 रोपं, एक रोप 200 रुपयांना, तिसऱ्या वर्षी माल. वर तो असंही म्हणाला, "आमचं रोप कलमी आहे, खास खुंटावर बांधलेलं, तुमच्या जमिनीत चालणारच." ताईंनी मला विचारलं, "हा खुंट म्हणतोय तो खरा का? कुठला खुंट आपल्याकडं चालंल?"

प्रश्न एकदम बरोबर होता. फक्त झाड चुकलं होतं.

आधी बदामाचं मिटवून टाकू. शाळेपुढं जे मोठ्या पानांचं झाड असतं, ज्याची फळं पोरं दगडानं फोडून खातात, तो देशी बदाम. दुकानातल्या बदामाशी त्याचं काही नातं नाही. दुकानातला बदाम हा पीच आणि आलुबुखाराच्या कुळातला. त्याला हिवाळ्यात थंडीची झोप लागते. साधारण 7 अंशांच्या खाली पारा जातीप्रमाणे दोनशे ते पाचशे तास राहिला, तरच त्याचे डोळे नीट फुटतात आणि फुलं येतात. म्हणून तो काश्मीरमध्ये होतो, हिमाचलच्या किन्नौरमध्ये होतो. आपल्याकडं पौषात पहाटे हुडहुडी भरते खरी, पण नऊ-दहा वाजता स्वेटर काढावा लागतो. इतके तास जमणार कुठून? झाड जगेल कदाचित, पानंही येतील. बदाम येणार नाहीत. आणि थंडीची ही गरज वरच्या कलमाची असते. खाली कुठलाही खुंट लावला तरी भांडगावात काश्मीरचा हिवाळा येत नाही.

आता 40,000 रुपयांचा हिशोब. गटाचं व्याज महिना 1 टक्का. म्हणजे महिन्याला 400 रुपये. मुद्दल फिटलीच नाही तर तीन वर्षांत नुसतं व्याज 14,400. हे रोपवाला भरणार नाही, ताईंच्या दुधाच्या पैशातून जाणार. शिवाय तीन वर्षं एकर अडकला तो वेगळाच.

बदाम इथं संपला. पण खुंटाचा प्रश्न संपत नाही, कारण द्राक्ष, मोसंबी, बोर, चिकू, आंबा यांत खुंट असतोच, आणि यातलं काही ना काही आपल्यापैकी कुणीतरी लावणार आहे. मी शिकले समाजकार्य, शेती नाही. पण कर्जाचे अर्ज मी भरते, त्यामुळं हे मला शिकावं लागलं. का शिकावं लागलं ते पुढं सांगते.

खुंट म्हणजे खालचं मूळ आणि खोडाचा बुंधा. वर आपल्याला हव्या त्या जातीची काडी पाचर मारून बांधतात किंवा डोळा भरतात. फळ वरच्या जातीचं येतं. पण जमिनीतलं पाणी, मीठ, चुनखडी, मुळावरच्या गाठी करणारे सूत्रकृमी, या सगळ्यांशी भांडतं ते खालचं मूळ. तुमच्यातल्या आज्ज्यांना हे माहीतच आहे. रानातल्या बोरीवर उमराणचा डोळा भरायचे. चिकू खिरणीच्या खुंटावर बांधतात. मोसंबीला कुणी जंबेरी वापरतं, कुणी रंगपूर लिंबू, आणि पाण्यात क्षार असतील तिथं रंगपूर जास्त तग धरतं. शेजारी खोरला अंजीर आहे, ते काडी लावून किंवा गुटीनं करतात, खुंट नसतो. पण अंजिराला सूत्रकृमींचा त्रास फार, म्हणून आपल्या साध्या उंबरावर अंजीर बांधून पाहिलेलं आहे, उंबराच्या मुळाला ते दाद देत नाहीत. म्हणजे खुंट ही काही परदेशी गोष्ट नाही.

आपल्या महाराष्ट्रात खुंटांची खरी तुलना झाली ती द्राक्षात. तुमच्यातल्या निम्म्या जणी दरवर्षी द्राक्षाच्या विरळणीला, डिपिंगला जाता. बागेत उभ्या असता, पण खाली खुंट कोणता आहे हे कधी कुणी सांगितलंय का तुम्हाला? मलाही नव्हतं सांगितलं.

थोडी मागची गोष्ट. फ्रान्समध्ये 1860 नंतरच्या काळात मुळावर जगणाऱ्या एका बारीक किडीनं, फायलोक्झेरानं, बागाच्या बागा वाळवल्या. तेव्हा अमेरिकेतल्या जंगली द्राक्षाच्या मुळांवर तिथल्या जाती बांधल्या आणि बागा वाचल्या. आपल्याकडं कारण वेगळं होतं. इथं पूर्वी थॉम्पसन, तास-ए-गणेश, सोनाका हे सगळं स्वतःच्याच मुळावर असायचं. काडी लावली, वेल झाला. मग बोअर खोल गेले, पाणी कमी झालं, खारं झालं, आणि बागा खालावल्या. नव्वदीच्या दशकात बागायतदार खुंटाकडं वळले आणि सगळीकडं एकच नाव झालं, डॉगरिज. 1997 साली पुण्याजवळ मांजरीला राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र सुरू झालं. आपण सोलापूर रस्त्यानं पुण्याला जाताना हडपसरच्या अलीकडं ते लागतं. तिथं डॉगरिज, 110 आर, 1103 पी, सॉल्टक्रीक असे बरेच खुंट शेजारी शेजारी लावून तपासले गेले.

डॉगरिजचा जोर फार. मुरमाड, हलकी जमीन, पाणी कमी, अशा ठिकाणी तो वेल ओढून नेतो. सूत्रकृमींनाही पुरून उरतो. म्हणून तो सगळ्यांनी लावला. पण हाच जोर भारी काळ्या जमिनीत नडतो. फूट बेसुमार वाढते, पानांची दाटी होते, काडीवर ऊन पडत नाही. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर काडीत जो घड तयार व्हायचा तो ऊन नसल्यानं तयारच होत नाही. ऑक्टोबरला छाटणी केली की बाग हिरवीगार आणि घड मोजके. शेंडे मारायला, फूट काढायला मजूर जास्त लागतात. आपल्याला रोजगार मिळतो म्हणा, पण बाग आपली असेल तर तो खर्चही आपलाच.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. पाण्यात सोडियम असेल तर डॉगरिजचं मूळ ते हवं तितकं अडवत नाही. सोडियम वर पानात साठतो, पालाश कमी पडतं, पानाच्या कडा काळ्या पडतात, करपतात. हे पहिल्या वर्षी दिसत नाही. बाग उभी राहते, मांडवाचा खर्च होऊन जातो आणि मग दिसतं.

110 आर हा मध्यम जोराचा. तो सोडियम बराचसा खालीच रोखतो, चुनखडीची जमीन सोसतो, पाण्याचा ताण सोसतो. डोळे सारखे फुटतात. मग सगळ्यांनी 110 आरच का लावला नाही? एक तर त्याची काडी मुळं धरायला आळशी, त्यामुळं रोपवाटिकेत मरतूक जास्त आणि रोप मिळायला अवघड. दुसरं, पाणी साठणारी, निचरा नसलेली जमीन त्याला मानवत नाही. तिथं 1103 पी बरा. आणि अगदी हलक्या माळावर, जिथं काहीच नीट वाढत नाही, तिथं डॉगरिजचा जोर कामाला येतो.

"सगळ्यात चांगला खुंट कोणता?" असं कुणी विचारलं तर मी उलटं विचारते, तुमचं पाणी तपासलंय का?

हे मी विचारते कारण एकदा विचारलं नव्हतं. कामाला लागून मला वर्षही झालं नव्हतं. शेजारच्या एका गावातल्या ताईंनी अर्धा एकर द्राक्षासाठी गटातून आणि बँकेतून कर्ज घेतलं. अर्ज मीच भरला. "पाण्याची सोय" या रकान्यात मी लिहिलं "बोअर आहे". झालं. मला वाटलं पाणी आहे म्हणजे आहे. रोपं डॉगरिजची, कारण शेजाऱ्याची तीच होती. शेजाऱ्याला कालव्याचं आवर्तन मिळतं, ताईंना नाही, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. दोन वर्षं वेल असे वाढले की फोटो काढून मी आमच्या अहवालात लावला. तिसऱ्या वर्षी खरड छाटणीनंतर पानांच्या कडा काळपट व्हायला लागल्या. औषधवाल्यानं तीन फवारण्या दिल्या, कारण त्याला तो रोग वाटला. शेवटी देठ परीक्षण आणि पाणी परीक्षण केलं तेव्हा कळलं, सोडियम. पाणी तपासायला काही शेकड्यांत खर्च येतो. फवारण्यांना हजार गेले होते आणि मांडवाला लाख.

त्या ताई मला कधी काही बोलल्या नाहीत. त्यांनी मला चहा दिला आणि विचारलं, "आता काय करायचं मॅडम?" मला 'मॅडम' म्हणू नका म्हणून मी नेहमी सांगते, त्या दिवशी नाही सांगितलं.

खुंट आता बदलता येत नव्हता. मग निचऱ्यासाठी चर काढले, ओळीत उसाचं पाचट पसरलं, शेततळ्यातलं पावसाचं पाणी बोअरच्या पाण्यात मिसळून द्यायला लागल्या. जमिनीत चुनखडी होती म्हणून तज्ज्ञांनी जिप्समऐवजी गंधक घालायला सांगितलं. चुनखडी नसलेल्या चोपण जमिनीत जिप्सम घालतात, हा फरक लक्षात ठेवा. निम्मे वेल सावरले. बाकीचे काढून टाकले. गटानं हप्ते वाढवून दिले आणि ताई आजही दोन गाईंच्या दुधातून हप्ता भरतात.

आता आपल्या शिवाराचं पाहू. दौंडचा नदीकाठ ऊस पिऊन पिऊन क्षारपड होतोय, पांढरे क्षार फुटलेले तुम्ही रोज बघता. कुणाला बेबी कालव्याचं पाणी मिळतं, त्यात मुंढव्याहून पुण्याचं प्रक्रिया केलेलं सांडपाणी येतं. कुणाला जनाई-शिरसाईचं आवर्तन. कुणाला फक्त बोअर, तोही उन्हाळ्यात आटत आलेला. एकाच गावात चार तऱ्हेचं पाणी आहे. म्हणून शेजारणीचा खुंट आपल्याला चालेलच असं नाही, दोघींच्या रानात एकच बांध असला तरी.

पाण्याच्या कागदावर 'ईसी' असं लिहिलेलं असतं. म्हणजे पाण्यात क्षार किती. द्राक्षाला सिंचनाचं पाणी 1 पर्यंत असलं तर उत्पन्नाला धक्का नाही. जमिनीचा ईसी दीडच्या पुढं गेला की प्रत्येक एका आकड्यामागं द्राक्षाचं उत्पन्न साधारण 10 टक्क्यांनी उतरतं. बदामाचं 19 टक्क्यांनी. म्हणजे थंडी असती तरी खाऱ्या बोअरवर बदाम द्राक्षाच्या दुप्पट वेगानं खाली आला असता. अंजीर, डाळिंब, बोर ही झाडं क्षाराला यांच्यापेक्षा सोशिक. कागदावर 'एसएआर' हाही एक आकडा असतो, तो सोडियमचा. कागद हातात आला की हे दोन आकडे आधी बघा आणि मगच खुंटाचं बोला.

बदाम जिथं खरंच पिकतो तिथंही हेच भांडण आहे, हे वाचून मला बरं वाटलं. कॅलिफोर्नियात नेमागार्ड नावाचा पीचचा खुंट सूत्रकृमींसाठी लावतात, पण चुनखडीच्या जमिनीत तो पिवळा पडतो. स्पेनमध्ये चुनखडी जास्त, तिथं पीच आणि बदामाच्या संकरातला जीएफ 677 चालतो. तोच मग पाणी साठणाऱ्या जमिनीत गुदमरतो. चुनखडी, निचरा, मीठ, सूत्रकृमी. प्रश्न तेच चार, फक्त पिकं वेगळी.

तर अर्जावर सही करायच्या आधी काय करायचं? माती तपासायला फक्त वरची वीतभर माती नेऊ नका, ती ज्वारी-बाजरीला ठीक. फळबागेला तीन फूट खड्डा घ्या आणि प्रत्येक फुटाची माती वेगळ्या पिशवीत भरा. वर काळी आणि खाली चुनखडीचा थर, असं आपल्याकडं पुष्कळ ठिकाणी निघतं. घरच्या घरी अंदाज घ्यायचा तर मातीच्या ढेकळावर थोडं व्हिनेगर टाका. फसफसलं तर चुना आहे. पाण्यासाठी बोअर अर्धा तास चालवा, मग स्वच्छ प्लास्टिकची बाटली त्याच पाण्यानं दोन-तीनदा विसळून भरा. औषधाची किंवा खताची रिकामी बाटली नको! एका काकूंनी तशी आणली होती, प्रयोगशाळेनं परत पाठवली. बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्रात माती-पाणी तपासून मिळतं. भरलेली बाटली घरात ठेवू नका, लगेच पोचवा.

रोपं घेतानाची एक गोष्ट फक्त डोळ्यांनी करायची आहे आणि ती तुम्ही पुरुषांपेक्षा बारकाईनं कराल. द्राक्षाचं खुंटरोप फेब्रुवारीच्या सुमारास शेतात लावतात आणि पावसाळ्याच्या शेवटी, सप्टेंबरमध्ये, त्यावर कलम करतात. मधल्या सहा-सात महिन्यांत खुंटाची स्वतःची पानं दिसतात. तेव्हाच ओळखा. डॉगरिजच्या कोवळ्या शेंड्यावर पांढरी लव असते, हाताला कापसासारखी लागते. 110 आरचं पान गुळगुळीत, चकचकीत. एका ओळीत दोन्ही दिसली तर रोपवाल्याला तिथंच उभं करा. एकदा कलम झालं की वरून पान आपल्या जातीचं, खाली काय आहे कुणालाही सांगता येत नाही. कलमाचा सांधा मातीत गाडू नका, वरच्या काडीला स्वतःची मुळं फुटली तर खुंटाचा पैसा वाया. खालून खुंटाचे फुटवे येतात, तेही वेळेवर काढायचे. बिलावर खुंटाचं नाव लिहून घ्या. नुसतं "कलमी रोप" असं लिहिलेलं बिल गटानं स्वीकारू नये, हा ठराव आज आपण केलाय.

रोप महाग आहे म्हणून स्वस्त खुंट घेऊ, असं काही जणी म्हणतात. 9 बाय 5 फुटांवर एकरी 968 वेल बसतात. चांगलं रोप 10 रुपयांनी महाग असलं तर एकराला 9,680 रुपये जास्त. रक्कम मोठी आहे, मी नाही म्हणत नाही. पण मांडव, तारा, ठिबक याच्या शेजारी ती ठेवून बघा, आणि पहिला माल हातात यायला लागवडीपासून दोन वर्षं लागतात हेही धरा.

आणि एक, जे बोलायला मला थोडं अवघड जातं. गटाचं कर्ज तुमच्या नावावर असतं, सातबारा बहुतेक जणींच्या नावावर नसतो. अनुदानाच्या योजनेला सातबारा लागतो. भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजनेत अंजीर, सीताफळ, डाळिंब ही झाडं आहेत, पण अर्ज ज्याच्या नावावर जमीन त्याचा. म्हणजे कर्ज तुमचं, अनुदान त्यांच्या खात्यात. खुंट कोणता लावायचा हेही बांधावर पुरुष मंडळीच ठरवून टाकतात आणि तुम्ही फक्त अंगठा किंवा सही करता. पाण्याचा कागद तुमच्या हातात असला तर त्या बोलण्यात तुम्हाला शिरता येतं. "आपला ईसी किती आहे ते आधी बघा" एवढं म्हटलं तरी घरात दोन मिनिटं शांतता होते, असं एका ताईंनी मला सांगितलं.

आता बदामवाल्या ताईंचं. त्यांनी बाटली भरून दिली. पाण्याचा ईसी आला 2.1. म्हणजे बदाम तर नाहीच, द्राक्षही विचार करूनच. त्यांच्या एकरातला वरचा तुकडा मुरमाड आहे, तिथं बोर लावावं की अंजीर, हे अजून त्यांच्या घरात ठरायचंय. पुरंदरला जाधववाडीला अंजीर आणि सीताफळ संशोधन केंद्र आहे, तिथं जाऊन त्या आधी बघून येणार आहेत. त्यांची मागणी आता 12,000 रुपयांची आहे, गटानं ती पुढच्या बैठकीपर्यंत राखून ठेवलीय. रोपवाला दोनदा फोन करून गेला. दुसऱ्या वेळी ताईंनी त्याला विचारलं, "खुंटाचं नाव काय?" तो म्हणाला, "इम्पोर्टेड."

पुढच्या बैठकीला येताना ज्यांना फळबागेसाठी अर्ज करायचाय त्यांनी पाण्याची बाटली आणावी. बाटलीवर नाव, गट नंबर आणि पाणी कुठलं, बोअर की विहीर की कालवा, ते पेननं लिहून चिकटवा. मी सगळ्या बाटल्या एकदमच घेऊन जाईन, म्हणजे एकीएकीचं एसटीचं भाडं वाचेल.